स्वाध्याय आणि अनध्याय



परीक्षेचे दिवस जवळ आले की आपल्या देवळातील गर्दीचे स्वरूप पालटते. एरवी काकड आरतीला कधी न दिसणारे तरुण चेहरे दिसू लागतात. कोणी प्रवेशपत्र गणपतीच्या पायांशी ठेवतो, कोणी पेन ठेवतो, कोणी नारळ बोलून जातो. आम्ही हे सारे मनोभावे देवापाशी पोहोचवितो आणि त्यात काही वावगे आहे असे आम्हास वाटत नाही. परंतु प्रसाद घेताना ही मुले जे बोलतात ते ऐकले म्हणजे एक गोष्ट ध्यानी येते. देवाकडे मागणे गुणांचे असते, गाऱ्हाणे मात्र वेळेचे असते. वाचावयाचे फार राहिले, दिवस उरले नाहीत. रात्र थोडी, सोंगे फार. हेच गाऱ्हाणे बी.कॉम.चा विद्यार्थी करतो, हेच अभियांत्रिकीचा करतो आणि हेच एम.ए.ला बसलेली मुलगी करते.

आमचे स्वतःचे शालेय शिक्षण बारावीपाशी थांबले. पुढे वडिलांच्या हाताखाली पूजाअर्चा आणि संथा यांतच दिवस गेले. तेव्हा महाविद्यालयातील विषय कसे अभ्यासावेत हे सांगण्याचा अधिकार आम्हास नाही. परंतु अध्ययन आणि वेळ यांचा मेळ कसा घालावा, या प्रश्नाचा विचार आपल्या ऋषींनी आणि स्मृतिकारांनी फार बारकाईने करून ठेवला आहे. त्याकडे आपण केवळ कर्मकांड म्हणून पाहतो, म्हणून तो आपल्या उपयोगी पडत नाही. त्यातील काही भाग आज आपणांसमोर ठेवावयाचा आहे.

तैत्तिरीय ब्राह्मणात भरद्वाज ऋषींची एक कथा आहे. भरद्वाजांनी वेदांचे अध्ययन आरंभिले आणि एक आयुष्य त्यात वेचले. ते पुरले नाही. दुसरे आयुष्य मिळाले, तेही वेचले; तिसरेही वेचले. अखेर जराजीर्ण होऊन ते अंथरुणास खिळले असता इंद्र त्यांच्यापाशी आला आणि त्याने विचारले की, चौथे आयुष्य दिले तर त्याचे काय करशील? भरद्वाजांचे उत्तर ठरलेले होते. पुन्हा ब्रह्मचर्य आणि पुन्हा अध्ययन. तेव्हा इंद्राने त्यांना पूर्वी कधी न पाहिलेले तीन पर्वत दाखविले. प्रत्येक पर्वतातून एकेक मूठ उचलली आणि सांगितले की, हे पर्वत म्हणजे वेद. तीन आयुष्यांत तुझ्या पदरी पडले ते एवढे, मुठीएवढे. वेदांना अंतच नाही.

ही कथा ऐकून कोणाचेही मन खचेल. तीन जन्म घालवून जर तीन मुठी, तर तीन वर्षांच्या पदवीची काय कथा! परंतु कथा येथे संपत नाही. इंद्र भरद्वाजांना चौथे आयुष्य देत नाही, तर तो त्यांना एक विद्या शिकवितो, सावित्र अग्नीची. ती एक नीट जाणली की पुष्कळ जाणल्यासारखे होते, असा त्यातील आशय. आम्हास या कथेत दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की, वेळ पुरत नाही ही तक्रार ऋषींनाही चुकली नाही. तीन आयुष्ये मिळाली तरी ती राहतेच, म्हणून ती तक्रार करीत बसण्यात अर्थ नाही. दुसरी ही की, त्या तक्रारीवर अधिक वेळ हे उत्तरच नव्हे. काय उचलावयाचे ते ठरविणे हे उत्तर होय. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सात पुस्तके उघडून बसणारा आणि एकही न मिटविणारा विद्यार्थी पर्वतांकडे पाहत बसलेला असतो. त्याची मूठ रिकामीच राहते.

आता मूठ भरावयाची कशी? याचे उत्तर ‘स्वाध्याय’ या शब्दात आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत सत्य, तप, इंद्रियनिग्रह, अतिथिसेवा अशी एकेक कर्तव्ये सांगितली आहेत आणि त्या प्रत्येकाच्या जोडीला स्वाध्याय व प्रवचन, म्हणजे स्वतः अध्ययन करणे आणि दुसऱ्यास सांगणे, ही जोडी पुनःपुन्हा आली आहे. शेवटी तीन ऋषींची तीन मते दिली आहेत. एकाच्या मते सत्यच पुरे, दुसऱ्याच्या मते तपच पुरे. परंतु नाक मौद्गल्य म्हणतात की स्वाध्याय आणि प्रवचन एवढेच पुरे, कारण तेच तप होय. विद्यार्थ्यांनी या ऋषींचे नाव लक्षात ठेवावे. उपास न करता, थंडीत नदीवर न जाता, केवळ नित्य वाचून व जे वाचले ते दुसऱ्यास समजावून तपाचे फळ मिळते असे म्हणणारा ऋषी त्यांना परवडण्यासारखा आहे!

हा स्वाध्याय किती करावा? येथे शास्त्राची दृष्टी विलक्षण व्यवहारी आहे. पंचमहायज्ञांपैकी ब्रह्मयज्ञ म्हणजे नित्य अध्ययन. तैत्तिरीय आरण्यक सांगते की एखादी ऋचा, एखादा यजुर्मंत्र वा एखादे साम म्हटले तरी त्या दिवसाचा ब्रह्मयज्ञ सिद्धीस गेला. एकच ऋचा! परंतु ती रोज. आपल्या विद्यार्थ्यांचा क्रम याच्या उलट असतो. महिनाभर काही नाही आणि मग तीन रात्री जागरण. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यास पाणी लागत नाही असे नाही, कधीकधी लागतेही. पण गढूळ लागते आणि परीक्षा संपताच आटते. रोजची एक ऋचा म्हणजे आजच्या भाषेत प्रत्येक विषयाचे रोज एक पान म्हणा, एक उदाहरण म्हणा. ज्या दिवशी ताप आहे, घरी लग्न आहे, सुरतेस जाऊन यावयाचे आहे, त्या दिवशीही एक पान होते. त्या एका पानाने ज्ञानात फारशी भर पडत नाही हे आम्हास मान्य आहे. त्याने धागा तुटत नाही, आणि तुटलेला धागा पुन्हा जोडण्यात जे चार दिवस जातात ते वाचतात.

वडिलांनी आम्हास संथा दिली तेव्हाची रीत सांगतो. नवी संथा सकाळी, आणि तीही थोडी. गुरूंनी म्हणावयाचे, शिष्याने ऐकून तसेच म्हणावयाचे. संध्याकाळी नवे काही नाही. सकाळचे आणि मागचे पोथी न उघडता म्हणावयाचे. जेथे अडेल तेथेच पोथी पाहावयाची. पोथी पुढे ठेवून शंभर वेळा वाचणाऱ्यापेक्षा पोथी मिटून दहा वेळा आठवणाऱ्याचे पाठांतर पक्के होते, हे वैदिक घराण्यांतील लहान मुलासही ठाऊक असते. महाविद्यालयातील मुले पुस्तकातील ओळींवर पिवळा-हिरवा रंग ओढून अभ्यास झाला असे मानतात. रंगविलेले पान ओळखीचे वाटते, पण ओळखीचे वाटणे आणि येणे यांत अंतर आहे. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहून पाहिल्याखेरीज ते अंतर कळत नाही.

याहून कठीण प्रश्न एका विद्यार्थिनीने आम्हास विचारला होता. अभ्यास तर करावाच लागतो; परंतु अभ्यासाबाहेरचे वाचन, कादंबरी, चरित्र, ज्ञानेश्वरी, हे केव्हा करावयाचे? ते केले तर अपराध्यासारखे वाटते, न केले तर मन सुकते. याचेही उत्तर मनुस्मृतीत सापडले तेव्हा आम्हास आनंद वाटला. श्रावणात वा भाद्रपदात उपाकर्म करून साडेचार महिने एकाग्रतेने वेदाध्ययन करावयाचे, पौषात वा माघात उत्सर्जन करावयाचे, आणि त्यानंतर शुक्लपक्षात वेद व कृष्णपक्षात वेदांगे अशी वाटणी करावयाची. म्हणजे मुख्य ग्रंथांचा काळ निराळा आणि भोवतालच्या शास्त्रांचा काळ निराळा. दोहोंनाही मान, दोहोंनाही तिथी. ज्यास तिथी नेमून दिली आहे ते करताना अपराध कसला? आठवड्यातील दोन संध्याकाळी अवांतर वाचनाच्या म्हणून ठरवून टाकाव्यात आणि त्या संध्याकाळी पाठ्यपुस्तकास हात लावू नये. पदवीच्या गडबडीत ज्याने तीन वर्षे एकही ग्रंथ केवळ आवडीने वाचला नाही, तो पदवीनंतर वाचील अशी आशा आम्हास वाटत नाही.

आता अनध्याय. अध्ययन केव्हा करू नये याच्या याद्या स्मृतींत दिल्या आहेत आणि त्या वाचताना हसूही येते आणि विचारही सुचतो. अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या आणि पौर्णिमा हे सुटीचे दिवस. मेघगर्जना, धुळीचे वादळ, धुके, दोन्ही संधिकाल यांत अध्ययन नाही. कुत्री, कोल्हे, गाढवे ओरडत असता नाही. आडवे पडून नाही, धावताना नाही, वाहनावर बसून नाही, नुकतेच जेवून उठल्यावर नाही, भांडण चालू असता नाही, आणि घरी थोर पाहुणा आला असता नाही. यातील पुष्कळसे नियम आजच्या विद्यार्थ्यास जसेच्या तसे लागू पडतात. पलंगावर आडवे पडून, पोट तुडुंब भरलेले असता, एका हातात मोबाईल धरून जे वाचन चालते त्यास मनूने अध्ययन म्हटले नसते. आम्हीही म्हणत नाही. मोबाईल हा तर दर पाच मिनिटांनी येणारा पाहुणा आहे, आणि तो थोरही नाही. सकाळच्या पहिल्या तासात त्यास घरात घेऊ नये.

मात्र एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. सुट्यांची ही यादी नव्या वेदपाठाच्या ग्रहणासाठी आहे. नित्य ब्रह्मयज्ञास अनध्याय नाही असे मनु सांगतो, आणि आरण्यकात त्यास दोनच अडचणी मानल्या आहेत, आपण स्वतः अशुचि असणे किंवा जागा अशुचि असणे. म्हणजे विश्रांती आहे, खुशाल घ्यावी, महिन्यातून काही दिवस तर हक्काची आहे. पण ती ठरलेली असावी, आणि तिच्यातही ती एक ऋचा चुकू नये. न ठरविलेली सुटी म्हणजे आळस आणि ठरविलेली सुटी म्हणजे शास्त्र, एवढाच या दोहोंत फरक.

त्या याद्यांतील एक कलम आम्ही वर मुद्दाम सांगितले नाही, ते आता सांगतो. शूद्राच्या सान्निध्यात अध्ययन करू नये असेही त्याच स्मृतींत लिहिले आहे. ज्यांनी एका हाताने विद्यार्थ्यास इतकी सुंदर दिनचर्या दिली त्यांनीच दुसऱ्या हाताने बहुसंख्य लोकांच्या आणि सर्व स्त्रियांच्या तोंडावर वेदाध्ययनाचे दार लावले. हे झाकून शास्त्राचे गोडवे गाणे आम्हास प्रामाणिक वाटत नाही. आणि बडोद्यात राहून तर ते झाकताच येणार नाही, कारण ते दार उघडण्याचा मोठा उद्योग याच नगरीत झाला.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा 1875 साली दत्तक येऊन गादीवर बसला तेव्हा त्यास लिहितावाचता येत नव्हते, हे आपण सर्व जाणता. ज्या वयात इतर मुले चार इयत्ता ओलांडतात त्या वयात सयाजीरावांनी मुळाक्षरांपासून आरंभ केला आणि इलियट यांच्या देखरेखीखाली मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा शिकून 1881 साली राज्यकारभार हाती घेतला. पुढे 1893 साली अमरेली भागात आणि 1906 साली सर्व राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. 1910 साली अमेरिकेतून बॉर्डन यांस आणून ग्रंथालयांची उभारणी केली. मध्यवर्ती ग्रंथालय आणि गावोगावी पेट्यांतून फिरणारी वाचनालये ही त्या काळातील. मांडवीजवळच्या त्या ग्रंथालयात, जेथे खालच्या मजल्यावर उजेड पोहोचावा म्हणून वरच्या मजल्यांची जमीन काचेची केली आहे, आपल्यापैकी किती विद्यार्थी गेले आहेत? विद्यापीठातील हंसाबेन मेहता ग्रंथालयात तुम्ही परीक्षेच्या वेळी बसता, ते योग्यच. पण घराजवळचे हे भांडार विसरू नये.

त्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा एक वाचक म्हणजे विनोबा भावे. त्यांचे वडील नोकरीनिमित्त बडोद्यास असल्याने विनोबांचे शालेय व महाविद्यालयीन शिक्षण येथेच झाले. उन्हाळ्याच्या दिवसांत अंगरखा काढून ते तेथे वाचीत बसले असता सेवकाने हटकले आणि प्रकरण गोऱ्या अधिकाऱ्यापर्यंत गेले, ही हकीकत त्यांनीच सांगून ठेवली आहे. वडिलांच्या इच्छेखातर शाळेत त्यांनी फ्रेंच घेतले, आणि आईला वाटे की मुलाने संस्कृत शिकावे, म्हणून संस्कृत घरी शिकले. वेळ नाही असे म्हणून त्यांनी दोहोंपैकी कोणासही नकार दिला नाही. आईस गीता मराठीतून वाचावयाची होती; मिळालेला अनुवाद कठीण वाटला तेव्हा तूच का लिहीत नाहीस, असे तिने सुचविले. मुलाच्या वाचनावर आईचा एवढा विश्वास! ‘गीताई’ 1930-31 साली लिहून झाली तेव्हा ती माउली हयात नव्हती. 1918 सालीच ती निवर्तली होती.

येथे काही तरुण आम्हास अडवतात. विनोबांनी प्रमाणपत्रे जाळली आणि 1916 साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघाले असता सुरतेस उतरून काशीची वाट धरली. मग परीक्षेचे एवढे स्तोम कशाला? प्रश्न हुशारीचा आहे. परंतु पुढे काय झाले तेही पाहावे. गांधीजींच्या आश्रमातून एक वर्षाची रजा घेऊन ते वाईस गेले, नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी उपनिषदे, ब्रह्मसूत्रे व शांकरभाष्य यांचे अध्ययन केले, आणि वर्ष भरले त्याच दिवशी आश्रमात परत हजर झाले. ज्यांनी रजा दिली त्या गांधीजींनाही ती तारीख आठवत नव्हती. परीक्षा सोडणारा असा तारीख पाळणारा असेल तर त्याने खुशाल सोडावी.

आणि दुसरे नाव डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे. 1913 साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले, 1915 साली एम.ए. झाले, तेथून लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 साली अभ्यास अर्धा टाकून करारानुसार बडोद्यास नोकरीवर हजर झाले, तेव्हा या नगरीत त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. नाव लपवून एका पारशी वसतिगृहात राहावे लागले, तेथूनही लोकांनी लाठ्या घेऊन बाहेर काढले. कमाटीबागेतील झाडाखाली त्यांनी जे काही तास काढले त्यांची आठवण म्हणून आज त्या जागेस संकल्पभूमी म्हणतात. पुढे लंडनला परत जाऊन त्यांनी तो अपुरा अभ्यास पुरा केला. अध्ययनास अयोग्य अशी जागा कोणती, याचा निर्णय या शहराने तेव्हा उलटा केला. अशुचि जागा होती, पण ती त्यांच्यामुळे झालेली नव्हती.

हे आम्ही विद्यार्थ्यांपेक्षा वडीलधाऱ्यांसाठी लिहीत आहोत. वेळेचे नियोजन हे केवळ विद्यार्थ्याच्या हाती असते तर त्यास उपदेश करून भागले असते. पण दोन खोल्यांच्या घरात दूरचित्रवाणी रात्री अकरापर्यंत चालत असेल तर मुलाने कोठे बसावे? सकाळी शिकवणीचे वर्ग घेऊन, दुपारी महाविद्यालय करून, संध्याकाळी दुकानात काम करणारा मुलगा आमच्या परिचयाचा आहे. त्याच्यापाशी रोजची एक ऋचाच उरते, आणि तीही कोणी हिरावू नये. मुलींविषयी तर अधिक सांगावयास हवे. भाऊ वाचीत असला की दार लोटून घेतात आणि बहीण वाचीत असली की पाहुण्यांस चहा करावयास हाक मारतात, हे कोणत्या स्मृतीस अनुसरून? दोघांची परीक्षा एकाच विद्यापीठाची असते.

आणि शेवटी आपल्या देवळाचे. अनध्यायाच्या यादीत आम्हास सर्वांत आश्चर्य वाटले ते याचे की, सामगानाचा ध्वनी कानी पडत असता ऋग्वेद वा यजुर्वेद यांचे अध्ययन करू नये असे मनूने सांगितले आहे. साम हे अमंगल नव्हे. गीतेत तर भगवंतांनी वेदांमध्ये त्यास स्वतःची विभूती मानले आहे. तरीही त्याचा स्वर चालू असता दुसऱ्याचे अध्ययन थांबते, हे शास्त्राने ओळखले होते. मग आपल्या कर्ण्यातून निघणारी आरती व भजने शेजारच्या चार गल्ल्यांतील मुलांवर अनध्याय लादतात, हे आपण का ओळखू नये? रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम 2000 सालापासून देशभर आहेच. परंतु कायद्याने सुटलेले आठ ते दहा हेच दोन तास विद्यार्थ्याच्या वाचनाचे असतात. गणेशोत्सव आणि नवरात्र यांच्या सुमारासच अनेक ठिकाणी सत्राच्या परीक्षा येतात. गरबा बडोद्याचे भूषण आहे, तो बंद करा असे कोणी म्हणणार नाही, आम्ही तर नाहीच.

कार्यकारिणीच्या पुढील सभेत आम्ही दोन विनंत्या मांडणार आहोत. परीक्षांच्या काळात सायंआरतीस कर्णा लावू नये. आरती सभामंडपात असलेल्यांस ऐकू आली म्हणजे पुरे, देवास तर ती ऐकू येतेच. आणि आरतीनंतर सभामंडप बंद न करता रात्री दहापर्यंत वाचणाऱ्यांसाठी उघडा ठेवावा. दिवे आहेत, पंखे आहेत, कीर्तनाच्या वेळच्या बैठ्या चौरंगांपैकी दहा-बारा कोठीत पडून आहेत ते पुसून मांडता येतील. जात, भाषा, सभासदत्व असे काहीही विचारले जाणार नाही; फक्त मोबाईल प्रवेशद्वाराजवळच्या फडताळात ठेवावा लागेल. दार उघडण्याची, पाणी भरून ठेवण्याची आणि दहा वाजता कुलूप लावण्याची जबाबदारी आम्ही घेतो. ज्यांचा यास विरोध असेल त्यांनी सभेस अवश्य यावे, आणि ज्यांच्या घरी परीक्षेस बसणारे कोणी असेल त्यांनी तर यावेच.